वाकडे अंगण आणि सैल मनगट

गॅरंटी कार्ड हा मध्यमवर्गीय घरातला एक पवित्र ग्रंथ आहे. इतर पवित्र ग्रंथांप्रमाणेच तोही जपून ठेवायचा असतो, वाचायचा नसतो. कपाटात पसरलेल्या वर्तमानपत्राखाली, पत्रिका, रेशन कार्ड आणि कुणाच्या तरी मुंजीतली शिल्लक पाकिटे यांच्या संगतीत तो पडून असतो. वस्तू बिघडली की मगच त्याचे पारायण होते आणि तेव्हा कळते, की त्यात वस्तूच्या दोषांची नव्हे, आपल्या दोषांची यादी आहे. वीज कमीजास्त झाल्यास, पाणी गेल्यास, उंदराने वायर खाल्ल्यास, अनधिकृत इसमाने स्क्रू फिरवल्यास कंपनी जबाबदार नाही. आमच्या घरी नवा मिक्सर पंधराव्या दिवशी घुमायचा थांबला, तेव्हा कंपनीचा माणूस आला. त्याने मिक्सरकडे न बघता माझ्याकडे बघितले आणि विचारले,

"काय वाटलं होतं यात?"

"इडलीचं पीठ."

"मग बरोबर!" तो म्हणाला आणि निदान संपले.

नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती नाचणाऱ्याला टोमणा मारण्यासाठी केलेली आहे. कारखानदारांना ती फारच आवडली असावी. अंगण खरोखर वाकडे असले तरी, 'तुम्हाला नाचता येत नाही' हे त्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते.

तरीही मिक्सर बिघडला म्हणून कुणाचे प्राण जात नाहीत. चटणी पाट्यावर वाटता येते. पंखा बंद पडला तर गॅरंटी कार्डानेच वारा घेता येतो. पण एक वस्तू अशी आहे, की ती बिघडलेली निघाली तर तक्रार करायला गिऱ्हाईक उरेलच याची खात्री नाही. ती वस्तू म्हणजे पिस्तूल.

आता या विषयावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कुणी विचारील. माझा पिस्तुलाशी आलेला संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. त्यातले एक मात्र अस्सल सदोष होते. नवे कोरे, लाल रोल घातलेले, पण घोडा नेमका टिकलीच्या बाजूला आपटायचा. मी ते दुकानात परत नेले.

"रोल दमट असेल. उन्हात ठेव," दुकानदार म्हणाला.

उन्हात ठेवून झाले. पुन्हा नेले. तेव्हा तो म्हणाला, "एकदा वाजवलेलं पिस्तूल परत घेत नाही."

"पण ते वाजलंच नाही!"

यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला भुईनळे दाखवायला घेतले. पुढे कळले, की त्या दुकानदाराने मला सांगितले तेच जगातले मोठमोठे कारखानदार मोठमोठ्या सैन्यांना सांगत आले आहेत.

हे कळले ते माझ्या भाच्यामुळे. तो टेक्सासात नोकरीला आहे. एका रविवारी त्याचा फोन आला.

"मामा, आमच्या शेजारच्या आजोबांनी नवं पिस्तूल घेतलं, आणि ते अडकतंय."

सूर असा, की शेजाऱ्यांनी नवा कुकर घेतला आणि शिटी होत नाही. हे आजोबा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. हिरवळ कापणारे, मांजर पाळणारे. नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी पिस्तूल चालवून बघितले, तर तिसऱ्याच बाराला रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी वरच्या फटीत उभी अडकली. चुलीच्या धुराड्यासारखी दिसते म्हणून तिकडे या बिघाडाला धुराड्याचेच नाव आहे. मास्तरांनी कंपनीला फोन केला. कंपनीने तीन प्रश्न विचारले. काडतुसे कुठली वापरली? आतापर्यंत किती उडवली? दोनशेएक उडवल्याशिवाय यंत्र मोकळे होत नाही. आणि तिसरा प्रश्न: तुम्ही मनगट सैल तर धरत नाही ना?

"म्हणजे रोल दमट असेल!" मी म्हणालो.

"नाही मामा, मनगटाचा खरंच संबंध असतो," भाचा म्हणाला. तो इंजिनीअर असल्यामुळे त्याने मला अर्धा तास समजावून सांगितले. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळी पुढे जाते त्या धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी फेकतो आणि येताना नवे काडतूस आत घेतो. हे घडायला खालचा भाग हातात घट्ट राहावा लागतो. मनगट लुळे पडले तर सगळे पिस्तूलच मागे येते, वरच्या भागाची धाव अपुरी पडते आणि पुंगळी अडकते. म्हणजे कंपनीचा प्रश्न खोटा नव्हता. मात्र याच मास्तरांच्या याच मनगटात त्यांचे जुने पिस्तूल वीस वर्षे बिनतक्रार चालले होते, हेही तितकेच खरे होते.

अखेर कंपनीने ते मागवून घेतले. त्यातही गंमत आहे. अमेरिकेने १९२७ साली कायदा करून खाजगी माणसांना टपालाने पिस्तूल पाठवण्याची बंदी केली. म्हणून हा प्रवास कुरियरने. परत येताना मात्र, १९६८ च्या कायद्यानुसार, दुरुस्तीला पाठवलेले शस्त्र कारखान्याने दुकानदाराला मध्ये न घालता थेट मालकाच्या दारात पोचवले तरी चालते. आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. इथे मात्र बेल वाजते आणि माणूस पिस्तूल देऊन सही घेऊन जातो! तीन आठवड्यांनी मास्तरांचे पिस्तूल असेच आले. सोबत एक चिठ्ठी: तपासले, एक भाग बदलला, चालवून पाहिले. कुठला भाग, का बदलला, मनगटाचे पुढे काय झाले, याबद्दल अवाक्षर नाही.

त्या चिठ्ठीने माझे डोके खाल्ले आणि मी या विषयाचा इतिहास वाचायला बसलो. बसलो तो थेट कलकत्त्याला जाऊन पोचलो.

रिव्हॉल्व्हर म्हटले की कोल्टचे नाव येते. हा सॅम्युएल कोल्ट १८१४ सालचा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. सोळाव्या वर्षी, १८३० मध्ये, तो 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशाची उमेदवारी करायला लागला. ते जहाज कलकत्त्याला निघाले होते. वाटेत जहाजाची फिरणारी, टप्प्याटप्प्याला अडकणारी यंत्रे बघून त्याला फिरत्या चक्राच्या पिस्तुलाची कल्पना सुचली आणि त्याने लाकडाचा नमुना कोरला, अशी कथा आहे. घरी परतल्यावर वडिलांनी पैसे घालून खरे नमुने करून घेतले. त्यातले पिस्तूल पहिला बार काढताच फुटले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे सदोष नव्या कोल्ट पिस्तुलाचे पहिले गिऱ्हाईक खुद्द कोल्ट! तक्रार कुणाकडे करणार? तो स्वतःच कारखानदार.

पुढच्या नमुन्यांसाठी पैसे हवे होते. ते मिळवण्यासाठी या पोराने 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे सुप्रसिद्ध डॉक्टर कूल्ट' असे नाव धारण केले आणि गावोगाव हसवणाऱ्या वायूचे जाहीर प्रयोग लावले. दवाखान्याशी त्याचा संबंध नव्हता. कलकत्त्याशी होता तो जहाजापुरता. तरीही आपल्या एका शहराच्या नावावर रिव्हॉल्व्हरचे भांडवल उभे राहिले, याचा अभिमान बाळगावा की नाही हे माझे अजून ठरलेले नाही.

१८३६ साली त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि पॅटरसन गावी कारखाना निघाला. पाच बारांचे हे हत्यार दिसायला देखणे, पण प्रकृतीने नाजूक. सुरुवातीच्या पिस्तुलांत पुन्हा दारू भरायची तर ते अर्धे खोलावे लागे. (इथे आणि पुढेही दारू म्हणजे बंदुकीची.) कधी एका खणातली ठिणगी शेजारच्या खणात शिरे आणि एकाऐवजी दोन-तीन बार एकदम उडत. १८३७ मध्ये लष्कराने कोल्टच्या फिरत्या चक्राच्या बंदुका तपासल्या आणि फार गुंतागुंतीच्या म्हणून नापास केल्या. फ्लोरिडातल्या लढाईत काही बंदुका तरी खपल्या. पण तिथे सैनिकांनी आत काय आहे हे बघायला त्या खोलल्या आणि त्यांना त्या पुन्हा जोडता येईनात. आमच्या गॅरंटी कार्डावरचा तो 'अनधिकृत इसम' मला इथे प्रथम भेटला. १८४२ मध्ये कारखाना बुडाला.

पण काही पिस्तुले टेक्सासात पोचली होती. टेक्सास तेव्हा वेगळे राष्ट्र होते. त्याच्या आरमाराने घेतलेली पिस्तुले पुढे तिथल्या रेंजर शिपायांच्या हाती आली. १८४४ च्या जूनमध्ये मोजक्या रेंजरांची कोमांची लोकांच्या मोठ्या टोळीशी गाठ पडली आणि पाच-पाच बारांच्या जोरावर रेंजर जिंकले. ज्यांच्याच भूमीत ही चकमक झाली त्या कोमांचींना मात्र ही पिस्तुले सदोष निघाली असती तर बरे, असेच वाटले असणार. पिस्तुलाच्या गॅरंटीचा विचार करताना नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे आपण सहसा विसरतो.

त्या चकमकीत भाल्याने जखमी झालेला एक शिपाई होता सॅम्युएल वॉकर. १८४६ मध्ये अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले, तेव्हा हा वॉकर कॅप्टन झाला होता. त्याने कोल्टला पत्र लिहिले, की तुझ्या पिस्तुलांनी आम्ही तरलो, पण त्यात सुधारणा पाहिजेत. पाचाऐवजी सहा बार हवेत. चापाभोवती कडे हवे. हत्यार जड आणि जोरकस हवे, माणूस काय, घोडासुद्धा एका गोळीत पडला पाहिजे.

गिऱ्हाईक आणि कारखानदार यांनी मिळून वस्तूचा आराखडा करावा, हा योग इतिहासात दुर्मिळ. १८४७ च्या जानेवारीत सरकारने एक हजार नगांची मागणी नोंदवली. कोल्टकडे कारखाना नव्हता. त्याने एली व्हिटनी या दुसऱ्या कारखानदाराकडून ती पिस्तुले करून घेतली. वर शंभर नग खाजगी विक्रीला. हे 'वॉकर कोल्ट' पिस्तूल लांबीला सुमारे एकोणचाळीस सेंटिमीटर आणि वजनाला दोन किलोच्या वर. दोन किलो कांद्यांची पिशवी एका हाताने समोर धरून ज्याला नेम साधता येईल, त्याने पुढे वाचताना मनगटाचा अभिमान बाळगायला हरकत नाही. प्रत्येक खणात साठ ग्रेन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, दारू मावे. इतर रिव्हॉल्व्हरांच्या जवळजवळ दुप्पट.

आणि ती फुटू लागली.

सगळी नव्हेत. पण बार काढताच चक्राच्या ठिकऱ्या उडाल्या, असे इतक्यांदा घडले की तो या पिस्तुलाचा लौकिकच झाला. हातात फुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय नळीखाली ठासणीचा दांडा असे, तो बाराच्या धक्क्याने आपोआप खाली पडे आणि चक्र अडवून ठेवी. समोर शत्रू, हातात सहा बारांचे पिस्तूल, त्यातला एक उडालेला आणि पाच आत कोंडलेले! शिपायांनी तो दांडा नळीला चामड्याच्या वादीने बांधून टाकला. आपण कुकरच्या सैल कानाला सुतळी बांधतो, त्यातलाच प्रकार.

दोष कुणाचा? इथे आपली म्हण पुन्हा आडवी येते. शिपाई खण दारूने काठोकाठ भरत. शिवाय टोकदार गोळी आकाराने नवी, त्यामुळे काही जण ती उलटी, टोक खाली करून ठासत. तसे केल्याने खाली जास्त दारू मावे आणि दाब वाढे. कारखानदाराला हे आयतेच उत्तर होते: इडलीचं पीठ वाटलंत, मग बरोबर! आणि ते खोटेही नव्हते. पण चक्राचे लोखंडही त्या काळच्या धातुविद्येइतकेच भरवशाचे, आणि खण एवढे खोल की त्यात नको तेवढी दारू मावत होती. नाचणाऱ्याचे पाऊल चुकले हे खरे. अंगण वाकडे होते हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हीच कुठल्याही गॅरंटीच्या भांडणातली सर्वांत अडचणीची गोष्ट.

यावर काय झाले, ते मला फार मोलाचे वाटते. दारू कमी, पन्नास ग्रेनच भरा, अशी सूचना निघाली. ती तर निघतेच, सूचना काढायला पैसे पडत नाहीत. पण कोल्ट तिथे थांबला नाही. १८४८ मध्ये त्याने 'ड्रॅगून' नावाचे नवे पिस्तूल आणले. त्यात चक्रच आखूड केले. आता कुणी कितीही उत्साहाने भरली तरी दारू बेतानेच मावणार. नळीही आखूड केली. आणि ठासणीच्या दांड्याच्या टोकाला एक लहानशी खिट्टी बसवली, की तो धक्क्याने पडू नये. शिपायांच्या वादीचे काम आता लोखंड करू लागले. चूक कुणाची यावर दहा वर्षे पत्रव्यवहार करण्यापेक्षा, चूक झाली तरी हात शाबूत राहील असे हत्यार बनवणे, ही मला आजवर सापडलेली सर्वांत प्रामाणिक गॅरंटी. तिला कार्ड नव्हते. तिला एक खिट्टी होती.

कॅप्टन वॉकरला ती बघायला मिळाली नाही. त्याच्या नावाच्या पिस्तुलांची जोडी त्याच्याकडे पोचली आणि थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबर १८४७ रोजी, मेक्सिकोतल्या उआमांतला इथे तो लढाईत पडला. गिऱ्हाइकांत असा एखादा वॉकर निघावा लागतो. नुसता 'पैसे परत द्या' म्हणणारा नव्हे, तर 'असे करा' हे सांगणारा.

पण दर वेळी वॉकर कुठून आणायचा? याचे उत्तर इंग्लंडने फार आधी शोधले होते. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, आणि बंदुकांच्या नळ्या तपासून शिक्का मारण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला असेच दुसरे 'प्रूफ हाऊस' कायद्याने निघाले. प्रूफ या शब्दाला मी लेखक या नात्याने बिचकतो. आमची प्रुफे कितीही तपासली तरी पुस्तकात 'गोळी'ची 'पोळी' होतेच. बंदुकीचे प्रूफ मात्र साधे आणि निर्दय असते. नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि बार काढायचा. नळी फुटली तर कारखान्याचे नुकसान, टिकली तर शिक्का. आजही युरोपातल्या अनेक देशांत पिस्तुलांची तपासणी नेहमीच्या कमाल दाबाच्या तीस टक्के अधिक दाबाने होते. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला कारखाना काढला, तेव्हा त्याच्याही पिस्तुलांना तिथल्या पारख्यांपुढे उभे राहावे लागले. ती पिस्तुले आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्यावर ते छोटे शिक्के आहेत. 'मनगट कुणाचे होते' हा प्रश्न त्या पारख्यांनी विचारला नाही. तपासणीत मनगट नव्हतेच.

अमेरिकेने हा मार्ग धरला नाही. तिथे कारखानदार आपला माल आपणच तपासतो. १९७२ साली तिथे ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन करणारा कायदा झाला. पाव भाजायचे यंत्र, पाळणा, शिडी, सगळे त्याच्या कक्षेत आले. बंदुका आणि काडतुसे मात्र कायद्यातूनच वगळली. म्हणजे माझे ते टिकल्यांचे पिस्तूल तिकडे असते तर त्याच्यावर सरकारी आयोगाची नजर राहिली असती. मास्तरांच्या खऱ्या पिस्तुलावर नाही. म्हणून तिथे सदोष पिस्तूल परत मागवायचे की नाही, हे मुख्यतः बनवणाराच ठरवतो. २०१७ मध्ये एका खपाच्या पिस्तुलाबद्दल, सिग सॉअरच्या पी-३२० बद्दल, असे दिसून आले, की ते विशिष्ट कोनात खाली पडले तर चाप न ओढताही बार उडू शकतो. कंपनीने ते फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली. तिचे नाव होते 'ऐच्छिक सुधारणा'. खाली पडलेल्या पिस्तुलाची इच्छा काय असते, हे त्यात सांगितलेले नव्हते.

मास्तरांचे पुढे काय झाले, ते मी भाच्याला विचारले.

"चिठ्ठीवर विश्वास ठेवला का त्यांनी?"

"छे हो मामा! ते म्हणाले, आधी दोनशे काडतुसं उडवून बघतो, मग काय ते ठरवतो. एकही अडकलं नाही तरच घरात ठेवणार. काडतुसं त्यांच्याच पैशानं."

शाळामास्तरच ते. कारखान्याने पास केलेल्या विद्यार्थ्याची त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, आणि त्यात काही गैर केले असे मला वाटत नाही. लंडनच्या जुन्या प्रूफ हाऊसमध्ये हेच काम करणारा माणूस पगारी होता. तो नळ्या ओळीने मांडायचा, दारूच्या रेषेला बत्ती द्यायचा आणि जाड भिंतीमागे जाऊन उभा राहायचा. जिथे तो माणूस नेमलेला नसतो, तिथेही त्याचे काम कुणाला तरी करावेच लागते. ते गिऱ्हाईक करते. फरक एवढाच, की गिऱ्हाइकाला भिंत नसते.